आपली पोरं 'ढ' नाहीत : विहारात संध्याकाळची शिकवणी का हवी?



जून उजाडला की आपल्या वस्त्यांच्या तोंडाशी खासगी क्लासेसचे फ्लेक्स लागतात. दहावीला नव्वदच्या वर टक्के मिळवलेल्या मुलांचे फोटो आणि खाली 'प्रवेश सुरू'. त्या फोटोंत आपल्या वस्तीतली मुलं सहसा नसतात. पण त्या क्लासची फी भरणाऱ्यांत आपले आईबाप नक्की असतात. कुणी धुणीभांडी करून, कुणी मजूर नाक्यावर उभं राहून, कुणी सफाईच्या ठेक्यावर राबून महिन्याचे पाचशे-सातशे रुपये बाजूला काढतं आणि मुलाला क्लासला घालतं. वर्षाच्या शेवटी शाळेतून मात्र तोच निरोप येतो : "तुमच्या मुलाचं अभ्यासात लक्ष नाही. जरा ढ आहे तो."

आईबाप हा निरोप खरा मानतात. मूलही खरा मानतं. चार-पाच वर्षांत ते शाळेतून बाहेर पडतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही, कारण 'त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं'. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना शाळेच्या ओट्यावरसुद्धा बसू दिलं नाही, त्यांच्याच पणतवंडांना आता आत बसवून 'तुला येत नाही' असं सांगितलं जातं. दार उघडलं, पण मुलाला हाकलण्याची रीत तेवढी बदलली.

मागे पडलेल्या मुलाला शाळेबाहेरच्या शिकवणीने खरोखर वर काढता येतं, हे मी ठामपणे मांडणार आहे. मात्र आज बाजारात जी शिकवणी विकली जाते तिने ते होत नाही. ज्या शिकवणीने होतं, ती आपण आपल्या विहारात, आपल्या समाजमंदिरात, दहावी-बारावी झालेल्या आपल्याच मुलींच्या हातून उभी करू शकतो. आणि आपण ती उभी केली म्हणजे शाळेला मोकळं सोडलं असं होऊ द्यायचं नाही. या सगळ्याचा आता क्रमाने विचार करू.

जी शिकवणी कुणी मोजत नाही

आपल्याकडे 'ट्यूशन लावली' म्हटलं की ते मूल कच्चं आहे असा अर्थ घेतला जातो. पण दोन पिढ्या शिकलेल्या मध्यमवर्गीय घरातली संध्याकाळ बघा. आई वही तपासते. बाप गणित समजावतो. आजी गोष्ट वाचून दाखवते. जेवताना बातम्यांवर बोलणं होतं. प्रकल्प करायचा तर घरात प्रिंटर असतो, अडलं तर मावशी प्राध्यापक असते. ही रोजची दोन-तीन तासांची शिकवणीच आहे. तिला फी नाही, बोर्ड नाही, म्हणून तिला कुणी शिकवणी म्हणत नाही. तिच्या जोरावर मिळालेल्या गुणांना मात्र 'गुणवत्ता' म्हणतात, आणि पुढे हीच गुणवत्ता आरक्षणाविरुद्ध आपल्या तोंडावर फेकली जाते.

समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिय यांनी हे मांडलं की, शाळा जे मुलाच्या घरून येतं त्यालाच मुलाची स्वतःची बुद्धी समजून गुण देते. भारतात हे भांडवल जातीने वाटलं गेलं. अक्षर कुणाच्या घरात राहील आणि कुणाच्या घरात राहणार नाही, हे इथे शेकडो वर्षं धर्माज्ञेने ठरवलं होतं. म्हणून वस्तीतल्या मुलाला संध्याकाळी शिकवायला बसणं म्हणजे त्याच्यावर उपकार करणं नव्हे. दुसऱ्या मुलाला जे जन्मतः मिळालं, तेच याला आपण मिळवून देतो.

आपलाच इतिहास पाहा. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे महूच्या लष्करी शाळेत शिक्षक आणि मुख्याध्यापक होते. त्यांनी भीमरावांचा इंग्रजीचा आणि गणिताचा पाया घरी बसून पक्का करून घेतला. परळच्या चाळीतल्या एका खोलीत मुलाला पहाटे अभ्यासाला उठवणारे, पुस्तकांसाठी लेकीचे दागिने गहाण टाकणारे रामजीबाबा नसते तर १९०७ साली अस्पृश्य मुलाचं मॅट्रिक होणं फार अवघड होतं. बाबासाहेबांची प्रज्ञा असामान्य होती यात वादच नाही. पण त्या प्रज्ञेलाही घरी शिकवणारा माणूस लागला. लष्करातल्या शिक्षणाने त्या घरात एक शिक्षक तयार केला होता, म्हणून पुढचं घडलं.

सावित्रीमाईंचंही तेच. लग्नानंतर जोतीरावांनी त्यांना घरी शिकवलं, मग त्या शिक्षिका झाल्या. १८५५ साली या दोघांनी दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी आपल्या घरात रात्रीची शाळा सुरू केली. त्याच वर्षी त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वय अवघं चौदाच्या आसपास. थोडक्यात, संध्याकाळची शिकवणी आपल्या चळवळीला परकी नाही.

मूल मागे पडतं ते कसं?

कुणी मूल एका दिवसात 'ढ' होत नाही. ते पायरीपायरीने मागे पडतं, आणि त्यातली पहिली पायरी चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात.

पहिली-दुसरीत काना-मात्रा-वेलांटी पक्की झाली नाही. तिसरीत जोडाक्षरं आली, ती अडली. चौथीत परिसर अभ्यासाचा धडा आला, तो वाचताच येत नाही, मग समजणार कुठून? गणितात दशक-एकक कळलं नाही, म्हणून हातचा कळला नाही. हातचा कळला नाही म्हणून वजाबाकी चुकते, वजाबाकी चुकते म्हणून भागाकार येत नाही, आणि सहावीत अपूर्णांक-दशांश समोर येतात तेव्हा मूल फळ्यावरचं नुसतं उतरवून घेऊ लागतं. त्याची वही पूर्ण असते, पण त्यातलं काही कळलेलं नसतं.

'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलंच दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचू शकली. म्हणजे पाचवीतली निम्म्याहून थोडी जास्त मुलं दुसरीच्याही मागे. एवढ्या मुलांना एकदम 'ढ' म्हणणं ही आकड्यांचीच थट्टा आहे. निम्मी मुलं मागे पडत असतील तर दोष मुलांच्या डोक्यात शोधायचा की शिकवण्याच्या रीतीत?

आपल्या वस्त्यांत त्याला आणखी कारणं जोडली जातात. मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबांतली मुलं दिवाळीच्या सुमारास फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. निम्मं वर्ष असंच जातं. शहरात आई सकाळी सहाला कामाला निघते, मग धाकट्या भावाला सांभाळायला दहा वर्षांची मुलगी घरी राहते. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही, स्टोव्ह आणि पाच माणसं. अभ्यासाला बसायचं कुठे? त्यात भाषा. मूल 'व्हतं', 'गेल्तो', 'आन्लं' म्हणालं की वर्ग हसतो, कधी गुरुजीही हसतात. दोन-तीनदा असं झालं की ते हात वर करायचं सोडून देतं. न बोलणाऱ्या मुलाकडे मग कुणाचं लक्षच जात नाही.

काही मुलांची अडचण याहून वेगळी असते. कुणाला फळ्यावरचं दिसत नाही, चष्म्याची गरज आहे. कुणाला एका कानाने कमी ऐकू येतं. कुणाला डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असते : बुद्धी चांगली, पण अक्षरं जुळत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अक्षमतेचा समावेश आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत तिच्यासाठी सवलतीही मिळतात. मुंबईत सायनच्या पालिका रुग्णालयात अशी तपासणी होते. पण सवलती घेणाऱ्यांत आपली मुलं कितीशी दिसतात? उच्चभ्रू वस्तीतल्या मुलाला डिस्लेक्सिया होतो, आपलं मूल त्याच लक्षणांवर 'ढ' ठरतं!

बाजारातला क्लास काय विकतो?

आता क्लासकडे वळू. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०२५ सालच्या शिक्षणविषयक पाहणीनुसार देशातले सुमारे २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेतात. शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के, ग्रामीण भागात २५.५ टक्के. म्हणजे क्लास ही आता श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. गरीबही पोटाला चिमटा काढून तिथे जातो.

तिथे त्याला काय मिळतं? गल्लीतल्या एखाद्या साध्या क्लासमध्ये जाऊन बसा. एका खोलीत तीस-चाळीस मुलं. सातवीचा धडा पाचवा आज शाळेत झाला, क्लासमध्ये तो कालच झालेला असतो. प्रश्नोत्तरं लिहून दिली जातात, 'हे पाठ करा' म्हणतात, शनिवारी टेस्ट. ज्याला वाचता येतं त्याची यात उजळणी होते, त्याला फायदा होतो. ज्याला वाचताच येत नाही त्याच्यासाठी हा शाळेचाच दुसरा तास. शाळेत जे कळलं नाही तेच इथे पुन्हा, त्याहून वेगाने, आणि पैसे देऊन. त्याच्या हाताला उतरवून काढायचा सराव तेवढा जास्त होतो.

क्लासवाल्याला सरसकट दोष देऊन उपयोग नाही. त्यांतले कित्येक आपल्यासारखेच बी.एड., डी.एड. होऊन भरतीची वाट बघत थकलेले तरुण आहेत. पण त्यांचा धंदा निकालावर चालतो. पालक विचारतो, 'किती टक्के पडतील?' चौथीतल्या मुलाला पुन्हा दुसरीपासून शिकवायला घेतलं तर पालकच म्हणेल, 'एवढे पैसे देऊन बाराखडीच शिकवता होय?' त्यामुळे मुलाला ज्याची खरी गरज आहे, तेच या बाजारात कुणी विकत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे. तुमच्या मुलाला वर्गात शिकवणारे सर 'संध्याकाळी माझ्याकडे पाठवा, तेवढी फी लागेल' म्हणत असतील, तर ते कायदा मोडत आहेत. वर्गात न शिकवता घरी विकायचं, हा व्यवहार आपल्या मुलांच्या जिवावर चालू द्यायचा नाही.

मग कोणती शिकवणी उपयोगी पडते?

याचं उत्तर आपल्याला लांब शोधायला नको, ते मुंबईतच मिळालेलं आहे. 'प्रथम' या संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत 'बालसखी' नावाचा उपक्रम चालवला. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळेतच रोज सुमारे दोन तास वेगळं बसवायचं. एका गटात पंधरा-वीस मुलं. शिकवणारी कोण? त्याच वस्तीतली, शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुणी. तिला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि थोडं मानधन. अभ्यासक्रमाचा धडा नाही, फक्त वाचन, लेखन आणि अंकगणिताचा पाया.

अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची काटेकोर तुलना करून तपासणी केली आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांच्या गुणांत लक्षणीय सुधारणा झाली होती, आणि सर्वांत जास्त सुधारणा सर्वांत मागे असलेल्या मुलांत झाली होती. मागे पडलेली मुलं बाहेर गेल्यामुळे मूळ वर्गातली गर्दी कमी झाली, पण तेवढ्याने तिथे उरलेल्या मुलांत फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो मुलाला जिथे अडलं तिथून शिकवल्यामुळे. पुढे २०१९ साली या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

याचा अर्थ सरळ आहे. 'डोक्यात शिरत नाही' म्हणून ज्यांना सोडून दिलं होतं, त्यांच्या डोक्यात वस्तीतल्या साध्या शिकलेल्या ताईने शिकवलेलं शिरलं. मग ढ कोण होतं?

या अभ्यासातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उपक्रम थांबल्यावर वर्षभराने पाहिलं तेव्हा झालेला फायदा बराच ओसरला होता. म्हणजे तीन महिने शिबिर घेतलं, फोटो काढले आणि विसरलो, याने काम होत नाही. मूल पुन्हा त्याच शाळेत, त्याच घरात जातं. त्याला आधार काही वर्षं लागतो. शिकलेल्या घरातली आई कधी तीन महिन्यांनी वही तपासायचं थांबवते का?

दोन आक्षेप

आपल्यातलेच काही साथी यावर आक्षेप घेतात, आणि ते आक्षेप हलके नाहीत.

पहिला : "शिकवणं हे सरकारचं काम आहे. आपण फुकट वर्ग चालवले की सरकार हात झटकणार. आधीच कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याच्या गोष्टी चालल्यात." भीती रास्त आहे. पण आज पाचवीत असलेल्या मुलाला या लढ्याचा निकाल लागेपर्यंत थांबायला सांगायचं का? दहा वर्षांनी शाळा सुधारेल तेव्हा ते मूल कुठल्या तरी गोदामात पोती उचलत असेल.

शिवाय आता एक तातडीची गोष्ट आहे. केंद्राने २०१९ साली कायद्यात बदल करून पाचवी-आठवीला नापास करण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने २०२३ साली नियम बदलून २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा लागू केली. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं, निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची, आणि त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात ठेवायचं. यात 'जादा मार्गदर्शन' हे कायद्याचे शब्द आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते खरंच दिलं जातं की कागदावरच राहतं, हे कोण बघणार? दहा-अकरा वर्षांचं मूल एकदा त्याच वर्गात बसलं, धाकट्यांच्या बाकावर बसलं, की ते शाळेतून उठायला फार वेळ लागत नाही. आणि मुलगी असेल तर घरचेच म्हणतात, 'आता बास.'

म्हणून आपला वर्ग हा शाळेला पर्याय म्हणून चालवायचाच नाही. तो शाळेला जाब विचारण्याचं हत्यार म्हणून चालवायचा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाचं कर्तव्यच सांगितलं आहे की, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहायची आणि गरजेप्रमाणे त्याला जादा शिकवायचं. कलम १७ नुसार मुलाला मारणं तर सोडाच, त्याचा मानसिक छळ करणाऱ्यावरही शिस्तभंगाची कारवाई करायची आहे. भर वर्गात रोज 'ढ' म्हणणं हा छळ नाही तर काय? आणि कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या शाळेच्या समितीची यादी पाहिली आहे? कित्येक ठिकाणी आपल्या बाईचं नाव यादीत असतं आणि तिला फक्त सहीपुरतं बोलावलं जातं.

विहारातल्या वर्गाची नोंदवही त्या आईच्या हातात द्या. 'तुमच्या शाळेत चौथीत असलेल्या आमच्या बावीस मुलांपैकी चौदा मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही, ही नावं, ही तारीख, आता तुम्ही काय करणार ते इतिवृत्तात लिहा,' असं ती समितीत म्हणू लागली की मुख्याध्यापकांना 'मुलं ढ आहेत' म्हणून सुटता येणार नाही. नुसत्या घोषणेने हे होत नाही. त्याला आकडा लागतो, आणि आकडा रोज मुलांसोबत बसणाऱ्याकडेच असतो.

दुसरा आक्षेप : "हे समाजसेवेचं काम झालं, चळवळ कुठे आहे यात?" मित्रहो, २० जुलै १९२४ ला बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि तिच्या पहिल्या कामांत सोलापूरचं विद्यार्थी वसतिगृह होतं. १९२५ साली ते सुरू झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२७ ला, महाडचा सत्याग्रह झाला. वसतिगृह चालवणारे आणि चवदार तळ्यावर जाणारे लोक वेगळे नव्हते. पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादचं महाविद्यालय. राज्यघटनेचं काम चालू असतानाही त्यांनी शाळा-कॉलेजची कामं बाजूला ठेवली नाहीत. आपण मात्र 'शिका' हा शब्द बॅनरवर ठेवला आणि शिकवायचं काम क्लासवाल्याला दिलं.

विहारात नेमकं काय करायचं?

एक : जागा आहे. जवळजवळ प्रत्येक वस्तीत विहार किंवा समाजमंदिर आहे. सकाळची वंदना झाली की बहुतेक विहारांना दिवसभर कुलूप असतं. नालंदा हे महाविहारच होतं, तिथे दूरदूरचे लोक शिकायला येत. आपल्या विहारात संध्याकाळी सहा ते साडेसात दिवा लावून पंधरा मुलं बसली तर त्याहून मोठी वंदना कोणती?

दोन : आधी तपासा, मग शिकवा. मूल कितवीत आहे हे विसरा. प्रत्येकाला एकट्याला समोर बसवून पाहा. अक्षर ओळखतं का, शब्द वाचतं का, चार ओळींचा उतारा वाचतं का. अंक ओळखतं का, हातच्याची वजाबाकी येते का, भागाकार येतो का. त्यावरून गट करा. पाचवीतलं मूल दुसरीतल्या मुलांसोबत 'शब्द' गटात आलं तर येऊ द्या, मात्र गटांना इयत्तेची नावं देऊ नका. दर महिन्याला पुन्हा तपासा आणि जो पुढे गेला त्याला पुढच्या गटात बसवा.

तीन : शिकवण्याची रीत साधी ठेवा. रोज मोठ्याने वाचन. गोष्ट ऐकायची आणि आपल्या शब्दांत सांगायची, 'व्हतं' म्हणून सांगितली तरी चालेल. प्रमाण भाषा तिच्या मागोमाग शिकवता येते. दशक-एककासाठी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. वजाबाकी करताना एक गठ्ठा सोडून दाखवला की हातचा काय असतो ते मुलाला हाताने कळतं. हिशेब बाजारातला घ्या. वह्या उतरवून घेणं पूर्ण बंद. शाळेचा गृहपाठ शेवटच्या वीस मिनिटांत.

चार : शिकवायला वस्तीतल्या मुली घ्या आणि त्यांना मानधन द्या. फुकट राबवून घेणं ही आपली रीत असता कामा नये. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न कुणी विचारेल. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेचं बिल काढा आणि त्यात दोन ताईंचं किती महिन्यांचं मानधन निघतं याचा हिशेब मंडळाच्या बैठकीत मांडा. जयंती जोरात झालीच पाहिजे, पण १५ एप्रिलला विहाराला कुलूप लागता कामा नये. नोकरीला लागलेल्या आपल्या बांधवांनीही महिन्याचा एक ठरावीक वाटा उचलावा. आपण ज्या आरक्षणाने वर आलो त्याची परतफेड समाजमाध्यमांवर नुसती पोस्ट टाकून होत नाही.

पाच : दार सगळ्यांना उघडं ठेवा. वस्तीत मातंग, चर्मकार, पारधी, वडार, मुस्लिम कुटुंबं असतात. त्यांची मुलं आपल्या विहारात शिकायला आली तर बहुजन ऐक्याच्या शंभर भाषणांचं काम एक संध्याकाळ करेल. मुक्ता साळवेंचं नाव घ्यायचं आणि मातंगाचं पोर बाहेर ठेवायचं, हे आपल्याला शोभत नाही.

सहा : जे मूल चार-सहा महिने नीट शिकवूनही अक्षरांत अडतंय, त्याला रागावू नका. आधी डोळे तपासा, मग कान, मग सरकारी रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी. आईसोबत कार्यकर्त्याने जावं. तिथल्या रांगा आणि कागद एकट्या आईला परत पाठवतात.

सात : मोठ्या मुलांचा प्रश्न वेगळा. नववी-दहावीतल्या मुलाला परीक्षा समोर आहे. त्याला पाया आणि परीक्षा दोन्ही हवं. तिथे आपल्यातल्या इंजिनिअर, प्राध्यापक, बँकवाल्या मंडळींनी शनिवार-रविवार द्यावा. एखादा हुशार मुलगा चांगल्या क्लासला जाऊ शकत असेल तर त्याला अडवू नका, फीला हातभार लावा. पण चळवळीची पहिली जबाबदारी फ्लेक्सवर फोटो येणाऱ्या एका मुलाची नाही. शेवटच्या बाकावर गप्प बसलेल्या दहा मुलांची आहे.

शेवटी

ज्यांनी आपल्याला हजारो वर्षं अक्षरापासून दूर ठेवलं, त्यांना आता काही करावं लागत नाही. नुसतं 'आता सगळ्यांना समान संधी आहे' म्हणून हात बांधून उभं राहिलं तरी आपली निम्मी मुलं पाचवीपर्यंत वाचायला शिकत नाहीत आणि आपोआप बाजूला पडतात. घटनेत लिहिलेला हक्क त्या मुलाला वाचतासुद्धा येत नसेल, तर तो हक्क तो मागणार कसा?

आमच्या कामाचा अनुभव असा की, मूल स्वतःहून पहिली गोष्ट वाचून काढतं त्या आठवड्यानंतर ते शाळेतही बोलू लागतं. प्रश्न विचारतं. चुकीचं उत्तर द्यायलाही घाबरत नाही. आणि प्रश्न विचारणारं पोर या व्यवस्थेला सर्वांत जास्त खुपतं.

येत्या रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटं थांबा. विहाराची किल्ली कुणाकडे असते ते विचारा. वस्तीतल्या तिसरी ते पाचवीच्या मुलांची यादी करा. एक गोष्टीचं पुस्तक घ्या आणि प्रत्येकाला एक परिच्छेद वाचायला सांगा. कोण कुठे अडतं ते लिहून ठेवा. सोमवारी संध्याकाळी सहाला वर्ग सुरू करा.

जयभीम! नमो बुद्धाय!